न मागितलेला क्रम

सात वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली नाही. भावनाने भिंतीवरच्या घड्याळाकडे संशयाने पाहिलं, मग मोबाइलमधली वेळ बघितली, आणि दोघांचंही एकमत आहे म्हटल्यावर ती नुसतीच दाराकडे बघत बसली. महिन्याच्या पहिल्या सोमवारी सात दहाला वर्तकनगरच्या या दुसऱ्या मजल्यावरच्या दारात वॉल्टर उभा असायचा, ही गोष्ट गेली एकोणीस वर्षं इतकी ठरलेली होती की ती ठरलेली आहे हेही कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. नळाला पाणी येतं, पेपर पडतो, वॉल्टर येतो. खांद्याला निळी पिशवी, हातात बर्फाची पेटी, बूट दाराबाहेर, आणि "काय गोदामावशी, उपाशी ना?" हा प्रश्न उंबऱ्याच्या अलीकडूनच. नौपाड्यातल्या ज्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये भावना कॉम्प्युटरचं सगळं बघायची, त्याच लॅबसाठी तो घरोघरी जाऊन रक्त घ्यायचा. आईचं रक्त घ्यायला त्याला दोन मिनिटं लागत आणि चहा प्यायला चार. चहा तो उभ्यानेच प्यायचा, कारण पुढे अकरा घरं उपाशी बसलेली असत. भावनाने सुरुवातीला दोन-तीनदा "बसा ना" म्हणून पाहिलं होतं. मग तेही सोडून दिलं.

"आयला नाय गो अजून?" आतून आईने विचारलं. गोदा सत्त्याहत्तर वर्षांची होती. डोंबिवलीकडच्या मानपाड्याची शेती जाऊन वीस-बावीस वर्षं झाली, तरी तिची पहाट अजून शेतावरच्याच वेळेला होत असे, आणि पहाटे उठलेल्या माणसाला साडेसातपर्यंत उपाशी ठेवणं म्हणजे काय, ते तिच्या आवाजावरून सगळ्या मजल्याला कळलं असतं. "येईल," भावना म्हणाली. येईल म्हणताना छातीत कुठेतरी एक पायरी चुकल्यासारखं झालं. तिला नवल वाटलं. बेल वाजली नाही, एवढंच तर झालं होतं. स्कूटर पंक्चर झाली असेल, कुणाची शीर सापडत नसेल. फोन करून विचारायला काय हरकत होती? तिने फोन हातात घेतला, नाव शोधलं. 'वॉल्टर कलेक्शन' अशा नावाने तो तिच्या फोनमध्ये होता, आणि त्या नावासमोर एकही कॉल दिसत नव्हता. हा फोन घेऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षांत तिला त्याला एकदाही फोन करावा लागला नव्हता. जो माणूस न चुकता येतो त्याला कोण फोन करतं? अंगठा हिरव्या गोलावर थोडा वेळ थांबला आणि मग शनिवार आठवून मागे आला.

शनिवारी सव्वादहाला तो नेहमीसारखा तिच्या टेबलाशी आला होता. सगळ्या बाटल्या लॅबमध्ये देऊन झाल्यावर, शेवटी, यादीत झालेल्या घरांपुढच्या टिका दाखवायला. खरं तर यादी आता मोबाइलवर येत होती, टिका आपोआप उमटत होत्या, दाखवण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. तरी तो यायचा, आणि तरी ती मान हलवून "ठीक" म्हणायची. त्या दिवशी तो टिकांनंतर थांबला. "मॅडम, डॉक्टर मला मानपाड्याला जा म्हणतात. तिकडे नवीन ब्रांच खोलतायत ना, एमआयडीसीजवळ. इन्चार्ज करतो बोलले. रोज डोंबिवलीला जायचं म्हणजे तिकडेच भाड्याने बघावं लागेल. सोमवारी बारापर्यंत हो-नाय सांगायचंय." मग म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?" आणि भावनाच्या डोक्यात त्या क्षणी फक्त रविवार होता. रविवारी लॅबची सगळी माहिती एका डेटाबेसमधून दुसऱ्यात न्यायची होती, आणि ती समोरच्या स्क्रीनवर बाविसावी तपासणी करत होती. "चांगलंच आहे की," ती म्हणाली. "इन्चार्ज व्हाल. आणि मानपाडा तर माझंच गाव. पाणी चांगलं आहे तिथलं." पाणी! एकावन्न वर्षांचा, लग्न न केलेला माणूस आपल्या उरलेल्या आयुष्याविषयी विचारतोय आणि ही बाई त्याला पाण्याविषयी सांगतेय. तो म्हणाला, "हो, चांगलंच आहे," आणि गेला. त्याने पेटी टेकवली होती तिथे फरशीवर पाण्याचं एक लहानसं थारोळं राहिलं होतं. दुपारपर्यंत ते आपोआप वाळून गेलं. भावनाने ते वाळताना दोन-तीनदा पाहिलं होतं, हे तिला आत्ता आठवलं.

रविवार मात्र काय सुरेख गेला होता! ज्या सिस्टिमवर तिने उमेदीच्या दिवसांत लॅबचा सगळा प्रोग्राम लिहिला, तिची देखभाल आता बंद होणार होती. म्हणून तिचीच बहीण शोभावी अशी दुसरी निवडली होती. भाषा तीच, रीतभात तीच, प्रोग्रामची एकही ओळ बदलावी लागू नये अशी. "मॅडम, फुल्ली कम्पॅटिबल आहे, टेन्शन घेऊच नका," असं श्रिया म्हणत होती. कामासाठी बाहेरून आलेली ही सव्वीस वर्षांची मुलगी टेन्शन या गोष्टीशी ओळखच नसल्यासारखी बसली होती. नवी एका बाबतीत तेवढी खट निघाली. जुनी सिस्टिम मोकळ्या जागा चालवून घ्यायची. फॉर्ममधला एखादा रकाना कोरा सोडला तर ती मुकाट्याने कोरा ठेवून घ्यायची. नवी अडून बसली. 'किती दिवसांनी' या रकान्यात बेचाळीस माणसांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं, ती बेचाळीस माणसं तिने दारातच उभी केली. एकदा, महिन्याला, वर्षाला, काय ते स्पष्ट सांगा, मगच आत घेते. भावनाला तिचा राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं. दोघींनी बसून बेचाळीस रकाने भरले, आणि दोनच्या सुमाराला सगळ्या तपासण्यांपुढे हिरव्या खुणा उमटल्या. श्रियाने टेबलावर ताल धरला, खालून गरम वडे आणले. संध्याकाळी भावना रिक्षात चक्क गुणगुणत होती. एकोणीस वर्षांचा संसार एका घरातून दुसऱ्या घरात नेला आणि एक पेलासुद्धा फुटला नाही, असं तिला वाटत होतं.

पेला. आठ वाजता तिने लॅपटॉप उघडला आणि वॉल्टरची आजची यादी काढली. बारा घरं होती, बाराच्या बारा बरोबर, नाव-पत्त्यात काडीची चूक नव्हती. फक्त पहिलं नाव गोदाचं नव्हतं. पहिलं शास्त्रीनगरमधलं कुणी होतं, दुसरं लोकमान्यनगरचं, तिसरं पुन्हा शास्त्रीनगरचं. गोदा बारावी होती, अगदी तळाशी. ती यादीकडे बघत राहिली आणि तिला दोन हजार सहा सालचा मे महिना आठवला. प्रोग्राम नुकताच लिहून झाला होता. तो चालतो का बघायला एक खोटा पेशंट हवा होता. प्रोग्राम लिहिणारे सगळे अशा वेळी एबीसी नाहीतर एक्सवायझेड असं काहीतरी ठोकून देतात. भावनाने आईचं नाव घातलं. खरं नाव, खरा पत्ता, तपासणी उपाशीपोटी शुगर. पहिलीच नोंद म्हणून आईचं नाव असावं, असा एक शुभ विचारही त्यामागे होता. आणि मग ती नोंद पुसायला विसरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात दहाला एक सावळा, उंच, बत्तीस वर्षांचा माणूस बर्फाची पेटी घेऊन दारात उभा. "गोदा मॅडम कोण? ब्लड घ्यायचंय." भावना आंघोळीला गेली होती. गोदाला वाटलं, मुलीनेच पाठवलंय, आणि तिने बिनघोर हात पुढे केला. संध्याकाळी रिपोर्ट आला, शुगर दोनशे ऐंशी. धडधाकट बाई, कशाची म्हणून तक्रार नाही, आणि अंगात एवढी साखर. "खोटा पेशंट होता मॅडम?" दुसऱ्या दिवशी वॉल्टरने विचारलं होतं. भावना रडत आणि हसत एकदमच हो म्हणाली होती. त्या दिवसापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी पहिलं घर गोदाचं. कुणी ठरवलं नव्हतं, झालं होतं.

पण का झालं होतं? तिने यादी काढणारी क्वेरी उघडली. आपलंच जुनं अक्षर बघावं तशी तिने ती वाचली. आजच्या तारखेची घरं दे, वॉल्टरच्या भागातली दे, नाव दे, पत्ता दे, तपासणी दे. बस. कोणत्या क्रमाने दे, हे कुठेही म्हटलेलं नव्हतं. तिने पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. एक ओळ हवी होती, एकच, आणि ती तिने कधी लिहिलीच नव्हती. जुनी सिस्टिम आपल्या सवयीने, ज्या क्रमाने नोंदी आल्या त्याच क्रमाने परत द्यायची, म्हणून गोदा पहिली. तसं देण्याचं तिच्यावर काही बंधन नव्हतं. नवीने तिच्या सोयीने दिलं, आणि तिचंही काही चुकलं नव्हतं. कालच्या त्या सगळ्या हिरव्या खुणांनी बारा घरं आहेत का एवढंच पाहिलं होतं. क्रम बघायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं, कारण क्रम तर असतोच. भावनाला एकाएकी हसू फुटलं. एकोणीस वर्षं ती ज्याला आपली हुशारी समजत होती, ती समोरच्याची भलमनसाई होती. आणि मग हसू अर्ध्यावर थांबलं, कारण त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं रांगेने आलं. पावसाळ्यात रिक्षा मिळत नाही म्हणून लॅबच्या दाराशी थांबलेली स्कूटर. नाताळात त्याच्या मोठ्या बहिणीने, क्लेमेंटिनाने, माजिवड्याहून पाठवलेले गरम फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, ज्यांचा डबा दर वर्षी गोदा तिळाचे लाडू भरून परत करायची. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर तीन दिवस शेजारी बसलेला निळा शर्ट. सव्वादहाच्या त्या टिका. यातलं तिने काय मागितलं होतं? काहीच नाही. कधीच नाही. मिळत गेलं, म्हणून मिळतच राहील असं धरून चालली. लग्नाचं वय होतं तेव्हा काकांनी आणलेली स्थळं तिने एकामागून एक परतवली, आईकडे कोण बघणार हे कारण सांगून, आणि ते कारण खरंही होतं. पुढे कुणी विचारेनासं झालं. तेव्हा तिला वाटलं, चला, सुटलो. सुटलो कसले? रोज सव्वादहाची वाट बघत होतो. हे इतकं उघड होतं, तरी सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला ते कळायला डेटाबेस बदलावा लागला, याची तिला लाज वाटली आणि त्याच वेळी आत कुठेतरी लख्ख आनंद झाला. हवंय. मला हा माणूस हवाय. असं मनातल्या मनात म्हणून पाहिलं तर ते वाक्य कुठेही अडखळलं नाही.

साडेआठला गोदाने आपला निर्णय स्वतःच घेतला. भावना स्वयंपाकघरात गेली तर ती तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन बसली होती, अर्धी भाकरी संपलेली. "आई! अगं, रक्त द्यायचंय ना?"

"मी काय मरू उपाशी? त्याला यायचा तवा येल." गोदाने शांतपणे घास मोडला. ओट्यावर तिने पितळेची झाकणी घातलेला कप ठेवला होता. काठाला निळी रेघ असलेला तो कप वॉल्टरचा होता. घरात त्याचं तसं नाव नव्हतं, पण त्यात दुसरं कुणी चहा पीत नसे.

"तो मानपाड्याला जातोय, आई. कायमचा. आज बाराला सांगणार आहे डॉक्टरांना."

"आन तू काय बोललीस त्याला?"

"चांगलं आहे म्हणाले. पाणी चांगलं आहे म्हणाले."

गोदाने घास खाली ठेवला. तिने मुलीकडे असं पाहिलं, जसं माहेरच्या मिठागरावर पिकलेलं मीठ पावसात सोडून आलेल्या माणसाकडे कुणी पाहिलं असतं. "एवरी शिकली गो तू," ती म्हणाली, "न पानी सांगतंस त्याला?"

"आई, तो... आपले देव वेगळे, त्याचे..."

"त्याचा देव न आपला देव बघून घेतील काय ता. तुना मधी पडाला कोनी सांगितलाय?" आणि ती पुन्हा भाकरीकडे वळली, जसं काही हा प्रश्न पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता आणि फक्त भावनाला कळवायचं राहून गेलं होतं.

भावनाने लॅपटॉपवर ती एक ओळ लिहिली. नोंदीच्या क्रमाने दे. यादी पुन्हा काढली, आणि गोदा निमूटपणे पहिल्या जागेवर येऊन बसली. पण वॉल्टरच्या फोनवर सकाळी गेलेली यादी जुनीच होती, आणि त्याने ती बघून काय समजलं असेल हे आता तिच्या ध्यानात आलं. शनिवारी ही बाई म्हणाली, जा. सोमवारी तिने आपलं घर माझ्या यादीत शेवटी टाकलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. याचा अर्थ काय, हे कुणालाही कळेल. तिने फोन लावला. वाजत राहिला. हातमोजे घातलेले असतील, कुणाच्या तरी दंडाला पट्टी बांधलेली असेल. पुन्हा लावला. मग ती खिडकीत जाऊन उभी राहिली. खाली भाजीवाला गाडी लावत होता, कॉलनीतली दोन म्हातारी माणसं कुठल्याशा मॅचवरून तावातावाने भांडत होती, कुणाच्या तरी गॅलरीतून सांडगी मिरच्या तळल्याचा वास येत होता. सगळं जग आपापल्या जागी इतकं खुशाल होतं, आणि ही वळणावर स्कूटर शोधत होती. नऊ. सव्वानऊ. तो आलाच नाही तर? बारावं घर सोडून सरळ लॅबला गेला तर? तिने साडी बदलली. मग आपण साडी का बदलली या विचाराने लाजून पुन्हा पहिलीच नेसायला घेतली, आणि शेवटी बदललेलीच राहू दिली.

नऊ पन्नासला बेल वाजली.

वॉल्टरने बूट काढले होते, पेटी हातात होती, पण "उपाशी ना?" हा प्रश्न आला नाही. "सॉरी मॅडम, उशीर झाला," तो तिच्या खांद्यावरून आत बघत म्हणाला. "लिस्टमध्ये लास्ट होतं. मावशींना भूक लागली असेल म्हणून मी दोनदा गाडी वळवलेली. मग म्हटलं, तुम्ही टाकलंय तर काय विचार करूनच टाकलं असेल."

"मी टाकलं नाही," भावना म्हणाली.

"मग?"

"मी काहीच केलं नव्हतं. तेच तर झालं, वॉल्टर. मी क्रम सांगितलाच नव्हता. एकोणीस वर्षं. जुन्या सिस्टिममध्ये आपोआप मिळत होता." हे त्याला कळण्यासारखं नव्हतं, हे तिला बोलता बोलताच समजलं. आतून गोदाचा आवाज आला, "मी जेवलेय! रगत नाय मिलनार आज!"

वॉल्टर हसला. सकाळपासून आवळून धरलेला त्याचा चेहरा त्या हसण्याबरोबर सैल झाला. "मग उद्या यावं लागेल," तो म्हणाला, आणि लगेच, "म्हणजे, उद्या मी... कलेक्शनच्या त्या नयनला सांगतो यायला."

"चहा घ्या." तिने निळ्या रेघेचा कप पुढे केला. त्याने तो सवयीने उभ्यानेच घेतला, एक घोट प्यायला आणि घड्याळाकडे पाहिलं. तेव्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. हे बारावं घर होतं. यापुढे कुणी उपाशी बसलेलं नव्हतं. "बसा," भावना म्हणाली. वॉल्टरने खुर्चीकडे पाहिलं, जसं काही ती आजच घरात आली होती. मग पेटी बाजूला ठेवून तो बसला. ऐसपैस नाही, पण बसला. एकोणीस वर्षांत त्या खुर्चीत त्याला बसलेलं तिने पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याच्या डोक्यावरचे केस मध्यभागी विरळ झालेत, हेही पहिल्यांदाच.

ती समोर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मानपाड्याला जाऊ नका," ती म्हणाली. "शनिवारी तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी मूर्खासारखं बोलले. तिथलं पाणी चांगलं आहे, पण तुम्ही जाऊ नका. कामासाठी नाही म्हणत. कामाला नयनही येईल. मला तुम्ही इथे हवे आहात. या घरात. आईला विचारून झालंय."

स्वयंपाकघरातली गोदाची भांड्यांची खुडबूड थांबली. वॉल्टरने कप खाली ठेवला. "मॅडम," तो म्हणाला. मग म्हणाला, "भावना." "क्लेमेंटिना दर नाताळात विचारते, फुग्यांचा डबा परत आला, त्यातून निरोप काय आला? मी सांगायचो, तिळाचे लाडू." त्याने फोन काढला. त्यावर तिचे दोन कॉल आलेले दिसत होते, तो त्यांच्याकडेच बघत राहिला. मग डॉक्टरांना फोन लावून म्हणाला, "डॉक्टर, मी नाय जात. नयनला पाठवा, तो डोंबिवलीचाच आहे, खूश होईल." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं. "हो डॉक्टर. कारण आहे. नंतर सांगतो, मोठं आहे." फोन ठेवल्यावर त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि रिकामा कप पुढे केला. "अजून मिळेल?"

"मिळंल," आतून गोदाच म्हणाली.

चहा उकळत होता तेवढ्यात भावनाने आईची राहिलेली तपासणी उद्यावर टाकली आणि उद्याची यादी उघडली. गोदा पहिली होती. "आता मावशी पहिल्या," वॉल्टर मान वाकवून बघत म्हणाला, आणि चेहरा जरा पडला. "म्हणजे पुन्हा उभ्याउभ्याच."

"थांबा," ती म्हणाली. तिने नवी नोंद उघडली, म्हणजे ती आपोआप शेवटी जाणार होती. नाव, भावना. पत्ता, हाच. तपासणी या रकान्यात ती जरा अडली, मग तिने लिहिलं, चहा. नोंद जतन कर म्हटलं, तर नव्या सिस्टिमने लाल अक्षरांत नकार दिला. 'किती दिवसांनी' हा रकाना कोरा होता. जुनीने मुकाट्याने ठेवून घेतला असता. ही अडून बसली होती. काय ते स्पष्ट सांगा, मगच आत घेते.

भावनाने वॉल्टरकडे पाहिलं. त्याने खुर्ची जरा जवळ ओढली. तिने लिहिलं, रोज.